शेवटचा हात कोणाचा?

फॉल्टसाहेबांचं खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर आहे, पण ती पाटी कोणी वाचत नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी चौतीस वर्षं लाइनी दुरुस्त केल्या, त्यातली शेवटची अकरा फॉल्ट विभागाचे प्रमुख म्हणून, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून इमारतीतल्या यच्चयावत बिघाडांचं पालकत्व कोणी न मागता स्वतःकडे घेतलं. दारावरची घंटी वाजत नाही, बोलवा फॉल्टसाहेबांना. जिन्यातला दिवा लुकलुकतो, बोलवा फॉल्टसाहेबांना. न बोलावताही ते येतात, हा भाग वेगळा.

त्या दिवशीची हकीकत ते आता स्वतःच सांगतात, जिन्यात उभे राहून, हातवारे करून, स्वतःची कुठेही गय न करता. तेव्हा मी काही चुगली करतोय असं समजू नका. उलट ते सांगतात त्यापेक्षा मी थोडं सौम्यच सांगतो आहे.

फॉल्ट शोधण्याचा त्यांचा एक नियम होता. नवा लाइनमन कामावर आला की त्याला खुर्चीवर बसवून ते विचारायचे, "लाइन कालपर्यंत चालत होती ना? मग आज का बंद पडली?" नवा माणूस वारा, उंदीर, गंज असं काहीबाही सांगायचा. साहेब मान हलवायचे. "शेवटचा हात कोणाचा ते शोध. दहातले नऊ फॉल्ट तिथेच बसलेले असतात. कोणीतरी काहीतरी हलवलेलं असतं, आणि तो माणूस कधीच आपणहून सांगत नाही." नियम खरा होता. चौतीस वर्षांत त्यांनी खांबांवरचे, खड्ड्यांतले आणि लोकांच्या पलंगाखालचे कितीतरी शेवटचे हात पकडले. हात पकडला गेला की त्या माणसाचा चेहरा कसा होतो, हे त्यांना तोंडपाठ होतं. फक्त तो चेहरा आतून कसा लागतो, हे ठाऊक नव्हतं.

घरात दोघंच. साहेब आणि काकू. काकू गेली एकोणीस वर्षं जवळच्याच एका पाळणाघरात मदतनीस आहेत. मदतनीस म्हणायचं एवढंच, बाकी तिथलं पान काकूंवाचून हलत नाही. कोणतं मूल दुपारी कशानं झोपतं, कोणाला आई गेल्यावर खिडकीशी उभं करायचं आणि कोणाला अजिबात करायचं नाही, हे सगळं त्यांच्या डोक्यात. प्रमुख बाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांची खुर्ची काकूंना मिळावी असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण संस्थेचा नियम असा, की प्रमुखाकडे बालसंगोपनाची पदविका हवी. म्हणून चोपन्नाव्या वर्षी काकूंनी वह्या उघडल्या. लेखी पेपर चांगल्या गुणांनी सुटले. राहिली तोंडी परीक्षा. ती लॅपटॉपवर, समोर तीन परीक्षक, वीस मिनिटं. दोन संधी. दोन्ही हुकल्या की बाहेरून कोणीतरी प्रमुख आणणार, आणि काकूंनी त्या कोणाच्या तरी हाताखाली त्याच मुलांची नाकं पुसायची.

पहिली संधी तीन महिन्यांपूर्वी गेली. दुसऱ्याच प्रश्नाला काकूंचं चित्र तोंड उघडं असताना जागच्या जागी थिजलं आणि परत हललं नाही. का थिजलं? काकू उत्तर देत असताना साहेबांना वाटलं, सिग्नल जरा वाढवावा. ते आतल्या खोलीत गेले, खुर्चीवर चढले, कपाटावरच्या राउटरच्या दोन्ही दांड्या पूर्वेकडे वळवल्या, आणि त्या नादात मागची पिन सैल झाली. साहेबांकडे बिघाडांची एक वही आहे, कार्यालयातल्या रजिस्टरसारखीच आखलेली. तारीख, तक्रार, कारण, उपाय. त्या दिवशीच्या 'कारण' या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: अज्ञात.

काकू संध्याकाळी कॉफीची बरणी घेऊन आल्या. "अहो, हे झाकण जरा बघता का? मला नाही उघडत." साहेबांनी बरणी पोटाशी धरली, दात आवळले, झाकण फिरवलं. उघडलं. साहेबांना जरा बरं वाटलं. साहेबांचं बिनसलं की घरातली झाकणं नेमकी तेव्हाच घट्ट बसायची. हा योगायोग तीस वर्षं त्यांच्या लक्षात आला नव्हता, आणि हे म्हणे फॉल्ट शोधणारे.

आता दुसरी तारीख आली होती. "तू फक्त अभ्यासाचं बघ," साहेब म्हणाले, "नेटचं माझ्यावर सोड." हे वाक्य त्यांनी त्या आठवड्यात सतरा वेळा तरी म्हटलं असेल. दर वेळी काकू नुसत्या "बरं" म्हणायच्या.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी साहेबांनी राउटरची पाहणी केली. लॅपटॉपवर राउटरचं पान उघडलं, तर तिथे जोडलेल्या उपकरणांची यादी. त्यांचा फोन, काकूंचा फोन, लॅपटॉप, काकूंच्या अभ्यासाची टॅब्लेट. चार. यादीत मात्र पाच. पाचव्याचं नाव म्हणजे नुसते आकडे आणि अक्षरं, एखाद्या कैद्याच्या अंगावर असावेत तसे.

"चोर!" साहेब ओरडले.

चोर कोण, हे ठरवायला त्यांना अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यांच्या घराच्या बरोब्बर खाली, तळमजल्यावर, शिवणताईंचा शिवणवर्ग आणि कारखाना. शिवणताई म्हणजे चाळिशीची, गळ्यात मोजपट्टी अडकवलेली, मोठ्यांदा हसणारी बाई. तिच्याकडे चार मशीन, दोन कामकरी बायका आणि दिवसभर मोबाइलवर लावलेली गाणी. गाणी म्हणजे नेट. नेट म्हणजे साहेबांचं नेट. तीन महिन्यांपूर्वी काकूंचं चित्र का थिजलं, ते आत्ता कळलं! साहेबांना एकदम हलकं हलकं वाटलं. दुसऱ्याचा अपराध सापडला की माणसाची पाठदुखीसुद्धा थांबते.

दूध आणायला खाली उतरताना शिवणताई जिन्यातच भेटली. साहेबांनी भिंतीकडे बघून म्हटलं, "काही लोकांना फुकटचं बरं पचतं."

"काय म्हणालात काका?"

"काही नाही. सहज."

वर येऊन त्यांनी पासवर्ड बदलला. साधासुधा नाही. जुन्या तक्रार खिडकीचा नंबर, बड्या साहेबांचं एक्स्टेन्शन आणि स्वतःच्या कर्मचारी कार्डाचा आकडा, आणि त्यांच्या मध्ये दोन खुणा, कुणाच्या बापाला पत्ता लागू नये म्हणून. कुठे लिहून ठेवला नाही. लिहिलेला पासवर्ड म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली पाटीवर टांगण्यासारखं, असं ते पूर्वी हाताखालच्यांना सांगत. खुर्चीवर चढून राउटरवरची धूळ पुसली, जुन्या पासवर्डची चिठ्ठी टरकावून फेकून दिली, हात झटकले आणि जेवायला बसले. काम झाल्यावर लाइन तपासून बघायची असते. न तपासता खांबावरून उतरलेल्या लाइनमनला साहेबांनी एकदा सगळ्यांसमोर पुन्हा वर चढवलं होतं. स्वतः मात्र त्या संध्याकाळी खांबावरून उतरले ते थेट ताटावर.

सकाळी नऊ वाजता काकूंनी लॅपटॉप उघडला. परीक्षा साडेअकराला.

"अहो, हा पासवर्ड मागतोय."

"माझ्याकडे दे." साहेबांनी चष्मा लावला, बोटं मोडली आणि पासवर्ड टाकला. चुकीचा. पुन्हा टाकला, या वेळी सावकाश, एकेक अक्षर पुटपुटत. चुकीचा. तिन्ही आकडे लख्ख आठवत होते, झोपेत विचारले असते तरी सांगितले असते. पण आधी खिडकी की आधी बडे साहेब? आणि मधल्या खुणा कुठल्या? चांदणी होती का? की आणखी काही?

त्यांनी वही काढली. आडव्या उभ्या रेघा मारून तक्ता आखला: क्रम एक, क्रम दोन, खूण अमुक, खूण तमुक. प्रत्येक चुकीनंतर एक फुली. पावणेदहापर्यंत फुल्यांची तीन पानं झाली. अधूनमधून राउटर रुसायचा आणि थोडा वेळ काहीच घ्यायचा नाही. तेवढ्या वेळात साहेब घरभर येरझारा घालायचे.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात वही, ओठ हलत होते. मनातल्या मनात उजळणी चालली होती.

"याला शेवटचा हात कोणी लावला?" साहेबांनी एकदम वळून विचारलं. आवाज थेट कार्यालयातला.

काकूंनी वहीतून वर पाहिलं. "मी तर नाही."

"केर काढताना काही हललं?"

"कपाटावर मी केर काढत नाही. मला पोचत नाही."

"मग खालूनच कोणीतरी काहीतरी केलंय. ती बाई..."

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "काल संध्याकाळी खुर्चीवर कोण चढलं होतं?"

साहेबांनी हा प्रश्न ऐकला नाही. म्हणजे कानांनी ऐकला. पुढे कुठे पोचू दिला नाही. "फोनवरचं नेट वापरू," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना आठवलं की दोन्ही फोनवरचं नेट त्यांनीच गेल्या महिन्यात बंद केलं होतं. घरात वायफाय असताना आणखी हे कशाला, असं म्हणून. तोही निर्णय त्यांनी वहीत लिहिला होता, खाली दोन रेघा ओढून.

सव्वादहाला त्यांनी नेटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून वाद्यसंगीत सुरू झालं. आपण या फोनच्या दुसऱ्या टोकाला चौतीस वर्षं बसलो, तेव्हा आपण लोकांना इतका वेळ ताटकळत ठेवत होतो का, असं त्यांना वाटून गेलं. उत्तर त्यांना माहीत होतं. त्यांच्या वेळी निदान संगीत तरी नव्हतं.

संगीत संपेना. साडेदहा वाजले. साहेबांचा धीर सुटला. राउटरच्या मागे एक बारीक भोक असतं आणि त्यात टोकदार काहीतरी खुपसलं की सगळं पुसून जातं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

"तुझी केसांची पिन दे."

काकूंनी केसांतून पिन काढून दिली. "यानं काय होतं?"

"सगळं पहिल्यासारखं होतं."

हे खरं होतं. राउटर पहिल्यासारखा झाला, म्हणजे कारखान्यातून निघाला त्या दिवशी होता तसा. त्या दिवशी त्याच्यात नेट नव्हतं. आताही नव्हतं. वायफायचा नवा पासवर्ड राउटरच्या पोटावर छापलेला होता, तो टाकताच लॅपटॉप लगेच जोडला गेला, साहेबांनी "जमलं!" म्हणून टाळी वाजवली, आणि मग पडद्यावर आलं की जोडणी आहे पण इंटरनेट नाही. नळ बसला होता, टाकीत पाणी नव्हतं.

तेवढ्यात फोनवरचं संगीत थांबलं आणि एका मुलीचा उत्साही आवाज आला. साहेबांनी सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. पासवर्ड 'गेला' असं सांगितलं, जसा काही तो स्वतःच चपला घालून गेला होता.

"सर, मग तुम्ही रीसेट का केलंत?" मुलगी म्हणाली. "त्यानं आमच्याकडची सेटिंगं पण पुसली जातात. पासवर्ड विसरला होता तर लॅपटॉपला नुसती वायर लावायची ना राउटरमधून. वायरला वायफायचा पासवर्ड लागतच नाही."

साहेबांची नजर आतल्या खोलीकडे गेली.

"सर? आहात ना? वायर नाहीये का तुमच्याकडे?"

चौतीस वर्षं वायरीत घालवलेला माणूस तो. आतल्या खोलीतल्या खालच्या खणात वायरींची सात भेंडोळी होती, रंगांप्रमाणे लावलेली, प्रत्येकाला गाठ मारून. वायरलेस आल्यावर त्यांनीच घरातली सगळी वायर उपटून काढली होती आणि इमारतीत सांगत फिरले होते, की आता वायरीचा जमाना संपला. नऊ वाजता एक भेंडोळं काढलं असतं तर नऊ वाजून दोन मिनिटांनी काकू नेटवर असत्या.

"आहे," साहेब म्हणाले. "वायर आहे."

"पण आता उपयोग नाही सर. आता आमचा माणूस येऊन करेल. संध्याकाळपर्यंत पाठवते."

"संध्याकाळपर्यंत?" साहेबांचा आवाज चिरकला. "ताई, साडेअकराला माझ्या बायकोची परीक्षा आहे. ही शेवटची आहे. मागची माझ्यामुळे..." ते थांबले. हे वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नव्हतं. आपसूक बाहेर पडलं.

"सॉरी सर," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज खरंच वाईट वाटल्यासारखा होता.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. साहेब खुर्चीवर बसले. त्याच खुर्चीवर. काकू समोर उभ्या होत्या, इस्त्रीची साडी, हातात ओळखपत्र. आता ही रडेल, साहेबांना वाटलं. किंवा ओरडेल. ओरडली तर बरं होईल.

काकूंनी लॅपटॉप मिटला आणि काखेत घेतला. "मी खाली शिवणताईंकडे बसते. तुम्ही तेवढी ही खुर्ची घेऊन या. त्यांच्याकडे नुसती स्टुलं आहेत, माझी पाठ धरते."

"तिच्याकडे? पण तिच्याकडे कुठे नेट..."

"आहे की. पाच वर्षं झाली."

"पण ती तर आपलं..." साहेब अडखळले. "आणि आयत्या वेळी असं जाऊन..."

"आयत्या वेळी नाही. कालच विचारून ठेवलंय."

"काल कधी?"

"तुम्ही खुर्चीवर चढलात तेव्हाच," काकू म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

साहेब खुर्ची डोक्यावर घेऊन मागोमाग गेले. त्या एकवीस पायऱ्या त्यांना अजून आठवतात. काल याच जिन्यात, बरोबर नवव्या पायरीवर, त्यांनी भिंतीला टोमणा मारला होता. म्हणजे त्या टोमण्यानंतर काकू खाली गेल्या असणार, आणि त्या बाईनं तरीही हो म्हटलं असणार.

शिवणवर्गाचं दार उघडंच होतं. आत कापडाच्या तुकड्यांचा ढीग, टेबलावर शाळेच्या गणवेशांचे अर्धे शिवलेले शर्ट, आणि भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांच्या फळीवर एक राउटर. साहेबांच्या राउटरपेक्षा जुना, कापसानं भरलेला, एक दांडी मोडकी. त्याच्या शेजारी भिंतीवर शिंप्याच्या निळ्या खडूनं वीतभर मोठ्या अक्षरांत पासवर्ड लिहिलेला. येणाऱ्या जाणाऱ्या कोणालाही दिसेल असा.

"या काकू, सगळं रिकामं करून ठेवलंय," शिवणताई म्हणाली. तिनं कापायचं टेबल पुसलं होतं आणि मागे पांढरी चादर टांगली होती, कॅमेऱ्यात पसारा दिसू नये म्हणून. मग तिनं मशीनवरच्या दोघींना खूण केली. दोन्ही मशीन थांबली. "दुपारी चारला शर्ट द्यायचेत, पण अर्ध्या तासानं काही बिघडत नाही. काका, खुर्ची इथे ठेवा. आणि तुम्ही..." तिनं साहेबांकडे पाहिलं. तोंडावर हसू होतं की नाही ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. "तुम्ही बाहेर उभे राहा. कोणाला आत सोडू नका."

थोडक्यात, कशालाही हात लावू नका. साहेबांना ते समजलं आणि पटलंही.

दार ओढून घेतलं गेलं. साहेब बाहेर, कपडे अडकवायच्या पुतळ्यांच्या रांगेत उभे राहिले. तीन पुतळे होते, तिघांनाही हात नव्हते. आपणही असेच घडवले गेलो असतो तर काकू तीन महिन्यांपूर्वीच प्रमुख झाल्या असत्या, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्या अवस्थेतही त्यांना हसू फुटलं. एक बाई ब्लाउज टाकायला आली, तिला त्यांनी ओठांवर बोट ठेवून परत पाठवलं. चौतीस वर्षांत एवढ्या निष्ठेनं त्यांनी कुठलंच काम केलं नव्हतं.

आतून काकूंचा आवाज येत होता. आधी जरा कापरा, मग घरातल्यासारखा. आजारी मुलाला वेगळं कसं ठेवायचं, जेवणाच्या वेळा, नोंदी. साहेब दाराला कान लावून उभे होते. चित्र थिजलं नव्हतं. प्रत्येक प्रश्नाला ते मनात मोजत होते. सहावा. सातवा.

मग एका परीक्षक बाईंचा आवाज स्पष्ट आला. "समजा एखादं मूल चूक करून बसलंय. सगळ्यांना दिसतंय. पण ते कबूलच करत नाही, दुसऱ्यावर ढकलतंय. तुम्ही काय कराल?"

"मी त्याला लगेच काही म्हणत नाही, मॅडम," काकू म्हणाल्या. "तुझी चूक आहे असं म्हटलं की ते आणखी घट्ट होतं. आतून त्याला माहीत असतंच. घाबरलेलं असतं बिचारं. मी त्याच्या हातात एक छोटं काम देते, त्याला नक्की जमेल असं. ही खुर्ची तिकडे ठेव, या डब्याचं झाकण उघडून दे. ते जमलं की त्याला वाटतं, आपण अगदीच वाया गेलेलो नाही. मग ते सैल होतं. चूक मग ते आपणहून सांगतं. वेळ लागतो. पण सांगतं."

"हे आमच्या पुस्तकात नाहीये," परीक्षक बाई म्हणाल्या. आवाजात हसू होतं. "हा अनुभव पाळणाघरातला का?"

"तिथलाही," काकू म्हणाल्या.

दाराबाहेर साहेबांनी कान काढून घेतला. सगळ्यात जवळच्या पुतळ्याच्या खांद्याला धरून ते उभे राहिले. पकडला गेलेला चेहरा आतून कसा लागतो, ते त्यांना आता कळलं. कढत लागतो. आणि विचित्र म्हणजे, त्यात थोडं हायसंही वाटतं. बरणीचं झाकण. उंचावरचा डबा. "हे वाचून दाखवता का, मला चष्मा सापडत नाही." तीस वर्षांची सगळी घट्ट झाकणं एकामागून एक त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली.

काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते. "झाली नीट," त्या म्हणाल्या. "अभिनंदन म्हणाल्या त्या. पत्र येईल." मागे शिवणताईनं मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या आणि दोन्ही मशीन पुन्हा खडखडायला लागली.

साहेबांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यांनी घसा साफ केला. आधी ते शिवणताईकडे वळले. "काल जिन्यात मी जे बोललो ते... मला वाटलं तुम्ही आमचं नेट वापरता."

"माहितीये मला," ती म्हणाली. "स्लॅब पातळ आहे काका. तुम्ही वर 'चोर' म्हणून ओरडलात ते आम्ही तिघींनी ऐकलं."

"माझं चुकलं."

"बरं. मग त्या कोपऱ्यातल्या मशीनचं पायडल अडकतंय, ते बघाल कधीतरी?"

साहेब "हो" म्हणाले आणि मग काकूंकडे वळले. "आणि तुझी मागची परीक्षा. दांड्या मी फिरवल्या होत्या. पिन माझ्यामुळे सैल झाली. शेवटचा हात माझा होता. दोन्ही वेळी."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे भरून आले होते, पण हसत होत्या. "चला आता," त्या म्हणाल्या. "ही खुर्ची तेवढी वर न्या. जड आहे, मला नाही झेपत."

साहेबांनी खुर्ची उचलली. हलकी होती.

संध्याकाळी कंपनीचा माणूस आला. दहा मिनिटांत त्यानं सगळं चालू केलं, घरातली सगळी उपकरणं पुन्हा जोडली, लॅपटॉपवर यादी उघडली आणि तो पाचवा, कैद्याच्या नंबराचा, पुन्हा तिथे आला. साहेबांनी विचारलं, हा कोण? त्या माणसानं दिवाणखान्यात बोट दाखवलं. "तुमचा टीव्ही." साहेबांनी मान हलवली, वही काढली, तीन महिन्यांपूर्वीचं पान उघडलं आणि 'अज्ञात' खोडून तिथे 'मी' लिहिलं. आजच्या तारखेपुढेही तेच. मग निळा खडू आणायला ते शिवणताईकडे जाऊन आले आणि नवा पासवर्ड राउटरच्या वर भिंतीवर लिहिला, वीतभर मोठ्या अक्षरांत.

तो माणूस गेल्यावर काकू स्वयंपाकघरातून कॉफीची बरणी घेऊन आल्या. त्यांनी ती साहेबांसमोर टेबलावर ठेवली आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

साहेबांनी बरणी हातात घेतली. झाकण सैल होतं. नुसतं बोट लावलं तरी फिरलं असतं. त्यांनी बरणी पोटाशी धरली, नेहमीसारखे दात आवळले, नेहमीसारखा हुंकार दिला आणि झाकण उघडून काकूंच्या हातात दिलं.

"जरा घट्टच होतं," ते म्हणाले.